तीस घरांची पेटी

१४ सप्टेंबर १९९२, सोमवार
साउथहॅम्प्टन

ही वही यांची. पहिल्या चार पानांवर यांच्या बारीक अक्षरात नाण्यांची वजनं आहेत, पुढची सगळी पानं कोरी. आज यांना जाऊन सहा महिने झाले. सकाळी पेपर आणायला म्हणून निघाले, कोपऱ्यावरच्या बसस्टॉपच्या बाकावर टेकले आणि तिथेच गेले. बसचा ड्रायव्हर नंतर मला सांगत होता, त्याला वाटलं डॉक्टर ऊन खात बसलेत.

बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अग्नेस आम्हा मुलींकडून रोज डायरी लिहून घेत. त्या म्हणत, खरं लिहा, नाही तर पान कोरं ठेवा; देवाला कोरं पानही वाचता येतं. लग्नानंतर माझं लिहिणं सुटलं. पुष्कळ पानं कोरी गेली.

संध्याकाळी मंजिरीचा मेडनहेडहून फोन.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"काय?"

"वरणभात."

"एव्हरी डे वरणभात! आणि त्या कॉइन्सच्या पेटीचं काय ठरवलंस? तो पेटी इतका हेवी आहे, माझ्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवायचा?"

"ती पेटी," मी म्हटलं.

"ती. सॉरी. पण कुठे?"

ख्रिसमसच्या आत हे घर सोडून मी तिच्याकडे राहायला जायचं ठरलं आहे. म्हणजे, तिने ठरवलं आहे. पोर मायेनेच म्हणते. मीही हो म्हणून बसले.

१६ सप्टेंबर, बुधवार

आज पेटीवरची धूळ पुसली. गेली अठ्ठावीस वर्षं पुसते आहे, त्यामुळे हाताला तिचे कोपरे पाठ आहेत. महोगनीची पेटी, पाच पसरट खण, प्रत्येक खणात हिरव्या मऊ कापडात सहा गोल घरं. एका घरात एक नाणं. नाण्याखाली त्याच्याच मापाची गोल पुठ्ठ्याची चिठ्ठी, तीवर यांचं अक्षर: कोणत्या राजाचं, कोणत्या सालचं, यांच्याकडे कधी आलं. सगळी जुनी स्कॉटिश नाणी. आम्ही स्कॉटलंडमध्ये दोनच वर्षं होतो, यांच्या पहिल्या नोकरीत. पण छंद जडला तो तिथलाच. दरवर्षी नोव्हेंबरात हे चार दिवसांसाठी तिकडे जात. "नाण्यांसाठी जाऊन येतो," एवढंच म्हणत. येताना एक नाणं. कधी दोन नाही, कधी रिकामे हात नाहीत.

मी या पेटीला मनात सवत म्हणत असे. एकदा तोंडावरही म्हणाले. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत.

२० सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा सगळे खण उघडून नीट पाहिले. तीस घरं, अठ्ठावीस नाणी. शेवटच्या खणातलं शेवटचं घर रिकामं आहे, ते यंदाच्या नोव्हेंबरचं असणार. पण पहिल्या खणातलं अगदी पहिलं घरही रिकामं आहे. त्यात नुसती चिठ्ठी:

"जेम्स सहावा. थिसल, चांदी. १६०२. मिसेस गेडिस. नोव्हें. ६३."

बाकी सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजीत. हिच्यावरही इंग्रजीच, फक्त खाली एकच शब्द मराठीत: "दिलं."

मिसेस गेडिस म्हणजे फाइफच्या किनाऱ्यावरच्या इन्व्हरकेल गावातली आमची घरमालकीण. ते नाणं मला आठवतं. पावलीएवढं होतं, त्यावर थिसलचं काटेरी फूल आणि वर मुकुट. तिच्या आजोळचं होतं. त्यांच्याकडे रीत आहे: मूल जन्मलं की पहिल्यांदा भेटणाऱ्याने त्याच्या मुठीत चांदी ठेवायची. मुठीने घट्ट धरली तर मूल राखणारं होणार, सोडली तर उदार. मी सातव्या महिन्यात असताना तिने ते नाणं यांच्या हातात देऊन ठेवलं. म्हणाली, "आमच्या घरातली सगळी पोरं याच्यावर मूठ मिटून मोठी झाली. आता तुमचं."

दिलं म्हणजे तिला परत दिलं असणार. योग्यच केलं. तसलं नाणं दुसरं मिळालं तर पहिलं घर भरेल. यंदाचंही एखादं मिळवायचं. यांचं अर्धवट राहिलेलं पुरं करून मगच पेटी मंजिरीच्या हाती द्यावी, असं मनाने घेतलं आहे. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी करावंसं वाटलं.

४ ऑक्टोबर, रविवार

पानं गळायला लागली की मला नोव्हेंबर दिसू लागतो.

सिस्टर म्हणत खरं लिही. लिहिते. १७ नोव्हेंबर १९६३ ला इन्व्हरकेलजवळच्या इस्पितळात मला मूल झालं आणि ते रडलं नाही. मला गुंगीचं औषध दिलेलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा पाळणा खोलीतून नेलेला होता. नर्स म्हणाली, सगळं व्यवस्थित होईल, तुम्ही काळजी करू नका, तुम्ही तरुण आहात. मुलगा की मुलगी, हे मी विचारलं नाही. कुठे नेलं तेही विचारलं नाही. त्या काळी कोणी विचारत नसे, कोणी सांगत नसे. शाळेत ऐकलं होतं की बाप्तिस्मा न झालेली बाळं स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतात. आम्ही हिंदू, आम्हाला काय त्याचं. पण तेव्हा त्या कॉटवर मला तो उंबरा दिसत होता.

पुढच्या वर्षी आम्ही इकडे साउथहॅम्प्टनला आलो. त्या बाळानंतर चार वर्षांनी मंजिरी झाली. हे त्या विषयावर एक अक्षर कधी बोलले नाहीत. आणि नेमक्या त्या आठवड्यात, दरवर्षी, हे नाण्यांसाठी स्कॉटलंडला! सतरा तारखेला मी एकटी या घरात. देवापुढे दिवा लावायचा, जेवायचं नाही, मंजिरी शाळेतून यायच्या आत तोंड धुवायचं. अठ्ठावीस वर्षं मी मनात म्हणत आले, पुरुषांना तारखा लक्षात राहत नाहीत, त्यांचं बरं असतं.

यांच्यामागे हे लिहितेय. राग गेलेला नाही, हे बघून माझं मलाच वाईट वाटलं.

१२ ऑक्टोबर, सोमवार

मिस्टर लॉरींना फोन केला. हे यांच्या नाण्यांच्या क्लबातले मित्र, मूळचे फाइफचेच, आयुष्यभर जहाजावर इंजिनिअर. यांच्या अंत्यविधीला त्यांनी इतका घट्ट टाय बांधला होता की बोलताच येत नव्हतं त्यांना.

"थिसलचं चांदीचं? मिळेल, मिळेल," ते म्हणाले. "पण आधी पेटी बघू द्या. डॉक्टरने वीस वर्षांत कधी दाखवली नाही मला. आम्ही सगळे आपापली नाणी मिरवतो, आणि हा माणूस आपला गप्प बसून चहा पितो!"

सत्तावीस तारखेला येणार आहेत. लक्ष्मीपूजन पंचवीसला. म्हणजे फराळाचं असेल घरात, बरं झालं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

चिवडा झाला, शंकरपाळ्या झाल्या. चकल्या तुटल्या. समई, ताम्हन, तांब्या, निरांजन चिंचेने घासून लख्ख केली. मग पेटीकडे लक्ष गेलं.

माहेरी लक्ष्मीपूजनाला घरातलं सगळं नाणं चौरंगावर मांडत. आदल्या दिवशी आई मला मोरीपाशी बसवून ते घासून घेई. कळकट लक्ष्मी पूजेला ठेवू नये म्हणे. आणि यांची नाणी! काळी, तपकिरी, हिरवट. काहींवरचा राजा ओळखूही येत नाही. इतक्या वर्षांत यांनी एकदाही त्यांना फडका लावला नाही, मला लावू दिला नाही. "राहू दे गं तशीच," म्हणायचे. मला तो पुरुषी आळस वाटे. उद्या ती चौरंगावर अशी मांडायची? मंगळवारी मिस्टर लॉरी बघणार, त्यांना काय वाटेल, डॉक्टरची बायको घर कसं ठेवते?

चिंच कोमट पाण्यात कोळली. तांब्याची नाणी तिच्यात तासभर भिजवली, चांदीची रांगोळीने घासली. हे दात घासायचे तो जुना ब्रश घेतला. चिठ्ठ्या त्यांच्या त्यांच्या घरात जपून ठेवल्या, भिजू दिल्या नाहीत. दुपारभर घासत होते. एकेक उजळत गेलं. तिसऱ्या खणातलं एक अगदी लहानसं होतं, बोटाच्या नखाएवढं, मेरी राणीचं. हे त्याला फार जपत. ही राणी सहा दिवसांची असताना तिचा बाप मेला आणि तिला मुकुट मिळाला. नाण्यावर तिचा बाळचेहरा आहे, गोल गालांचा. त्यावर काळं फार चढलं होतं, म्हणून ते सगळ्यांत जास्त घासलं.

घासताना यांच्याशी बोलत होते. म्हटलं, बघा, तुमच्या सवतीला न्हाऊमाखू घातलं. झालं ना आता भांडण संपलं?

२५ ऑक्टोबर, रविवार

लक्ष्मीपूजन. मंजिरी आली. चौरंगावर अठ्ठावीस नाणी, त्यांच्यामध्ये माझ्या आईने लग्नात माझ्या ओटीत घातलेला चांदीचा रुपया, पंचम जॉर्जचा. हळदकुंकू वाहिलं. सगळं झगमगत होतं.

"वॉव, आई! नवीनच वाटतात!"

"चिंचेने घासली."

"बाबाला काय आवडलं असतं ना!"

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं, हो, आवडलं असतं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

मिस्टर लॉरी चष्मा पुसत, भिंग काढत हौसेने बसले. मी पहिला खण ओढला. ते वाकले. आणि वाकलेलेच राहिले. मग दुसरा खण त्यांनीच ओढला, तिसरा ओढला. भिंग खिशात परत ठेवलं.

"मिसेस सबनीस, ही कुणी धुतली?"

"मी. दिवाळी होती आमची."

"कशाने?"

"चिंच आणि रांगोळी." रांगोळी म्हणजे काय ते सांगितलं. दगडाची पूड.

ते खुर्चीत मागे टेकले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाई, त्यांना तसं काळं व्हायला चारशे वर्षं लागली होती. तो काळेपणाच त्यांचा जीव. आम्ही लोक नाण्याला अंगठासुद्धा लावत नाही, कडेने धरतो. एकदा घासलं की संपलं. ते परत येत नाही."

मी विचारलं, सगळीच?

"सगळीच."

त्यांनी मेरी राणीचं नाणं कडेने उचलून खिडकीशी नेलं. मीही गेले. गोल गाल नव्हते. नाक नव्हतं. मुकुटाची नुसती रेघ होती. माझ्या हातांनी पुसला तो चेहरा, यांच्याच ब्रशने.

मी रडले असं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचा विसरले. मिस्टर लॉरींनी येऊन पेटवला. उभ्या उभ्या त्यांनी एक तुटकी चकली खाल्ली आणि म्हणाले, "हे मात्र मजबूत आहे. आमच्या बोटीच्या इंजिनात चाललं असतं." मला हसवायला. बिचारे.

चहानंतर त्यांनी चिठ्ठ्या पाहायला मागितल्या. एकेक वाचत गेले.

"गंमत आहे. हे चार्ल्सचं तांब्याचं मी त्याला जूनमध्ये दिलं होतं, माझ्या घरी. चिठ्ठीवर नोव्हेंबर का?" दुसरी उचलली. "हे सॉल्झबरीच्या बाजारात घेतलं त्याने, मी होतो बरोबर, उन्हाळा होता. इथेही नोव्हेंबर. सगळीकडे नोव्हेंबर."

"ते नोव्हेंबरात इन्व्हरकेलला जायचे नाणी आणायला," मी म्हटलं.

"इन्व्हरकेलला? तिथे नाणी विकणारा कुणी कधी नव्हता. मासे मिळतात तिथे."

मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली. आणखी एक. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने एकच लिहिलेलं: "के २१७." मला तो नाण्यांच्या पुस्तकातला नंबर वाटला. मिस्टर लॉरी म्हणाले, पुस्तकातला असता तर प्रत्येक नाण्याचा वेगळा असता. मग त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून परत घरांत ठेवल्या. खिडकीबाहेर बघत बसले. निघताना कोट घालता घालता म्हणाले, "तिथल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला एक पत्र टाका. हा नंबर कळवा आणि तुमचं नाव कळवा. त्यांच्या वह्यांत सापडेल."

"गावात म्युझियम आहे का? पहिलं नाणं तिथे दिलं असेल?"

"पत्र टाका, बाई," ते म्हणाले. दारात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता.

२८ ऑक्टोबर

काही नाही लिहवत.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

कौन्सिलला पत्र टाकलं. मंजिरीला नाण्यांचं फोनवर सांगितलं.

"आई, इट्स ओके. तू मुद्दाम नाही केलंस."

"यांनी अठ्ठावीस वर्षं जपलेलं मी एका दुपारी पुसलं गं."

"बाबा असता तर तुला काही बोलला नसता."

तेच तर. बोलले नसतेच. बोलणारा माणूस असता तर नाणी का घासू नयेत हे एकदा तरी समजावून सांगितलं नसतं?

आता एकच हातात आहे. पहिलं नाणं म्युझियममध्ये असेल तर तेवढं एक तरी न घासलेलं असेल. काचेतून बघून येईन.

९ नोव्हेंबर, सोमवार

कौन्सिलचं पत्र आलं. टाइप केलेल्या आठ ओळी. तीनदा वाचलं. उतरवून काढते, म्हणजे खरं वाटेल.

के विभाग, जागा २१७. कब्रस्तान, इन्व्हरकेल. दफन १९ नोव्हेंबर १९६३. बेबी सबनीस, मुलगी, मृत जन्म. वडील उपस्थित. इस्पितळाची नेहमीची सामायिक जागा वडिलांनी नाकारली, स्वतंत्र जागा घेतली. खाली सही करणाऱ्या बाईंनी पेनने दोन ओळी जोडल्या होत्या: डॉक्टर सबनीस दरवर्षी आमच्या ऑफिसात डोकावून जात. यंदाही त्यांची वाट पाहत आहोत.

मुलगी.

एकोणतीस वर्षं मी मनात "ते बाळ" म्हणत आले.

११ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून पेटीसमोर बसून आहे. सगळं उघडं पडलंय आणि एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. चार ऑक्टोबरच्या पानावर मी खोटं लिहिलं. खोटं नाही, अर्धं.

हे त्या विषयावर कधी बोलले नाहीत, असं मी लिहिलं. का बोलले नाहीत ते लिहिलं नाही.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी हे माझ्या कॉटपाशी आले. बुटांना ओली माती होती. मला वाटलं, घरून येताना शेतातून आले. एकोणीस तारीख होती ती. हे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सुहास, मला तुला काही सांगायचंय." मी यांचा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. हा विषय माझ्यापाशी पुन्हा काढायचा नाही. कधी म्हणजे कधी नाही."

आमच्याकडे शपथ घातली की ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं असतं. तोवर मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली तो माणूस जातो, असं म्हणतात. हे डॉक्टर होते. लहानपणी ऐकलेलं हे सगळं हसण्यावारी न्यायचे. पण दोनच दिवसांपूर्वी एक जीव गेलेलं घर होतं ते. यांनी हात काढून घेतला नाही, नुसतं "बरं" म्हणाले.

मी सुटली म्हणायला विसरले. आठवडाभराने विसरले, वर्षाने विसरले, मग शपथ घातली होती हेच विसरले. आणि हे वाट बघत राहिले. पेटी माझ्या दिवाणखान्यात, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या फडक्याखाली.

एकदा तरी चिठ्ठी उलटायची होती मी.

१४ नोव्हेंबर, शनिवार

मंजिरी आली. तिला पत्र वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, मग जमिनीवर माझ्या पायाशी बसली.

"आई, म्हणजे मला बहीण होती?"

"हो."

"मोठी?"

"चार वर्षांनी मोठी."

"म्हणजे ताई." तो शब्द तिने कधी कुणाला म्हटलेला नाही, त्यामुळे तिच्या तोंडी नवा वाटला. मग एकदम रागावली. "तुम्ही दोघं! एका घरात! तू इथे रडायची, तो तिकडे रडायचा, आणि मी मध्ये बसून टीव्ही बघत होते! हाऊ स्टुपिड, आई!"

"हो गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तिने सोमवारची आणि मंगळवारची रजा टाकली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
इन्व्हरकेल

काल ट्रेनने आलो. आज सकाळी कब्रस्तानात. समुद्राकडे उतरत जाणारा हिरवा उतार, वारा असा की मंजिरीची छत्री उलटी झाली. राखणदार टॅम नावाचे म्हातारे, फाटकापाशीच उभे होते. माझ्याकडे, माझ्या साडीकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"डॉक्टर गेले म्हणायचे," ते म्हणाले. "मला वाटलंच. एरवी दहाच्या ठोक्याला हजर."

के २१७. वीतभर उंचीचा साधा दगड, नंबर कोरलेला. नाव नाही. नाव ठेवलंच नव्हतं आम्ही. गवत कापलेलं होतं.

टॅम सांगत होते, आणि मंजिरीने माझा दंड धरला होता.

"यायचा, गुडघ्यावर बसायचा. कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक नाणं काढायचा आणि इथे, दगडापाशी, गवतावर ठेवायचा. मग त्या बाकावर बसून राहायचा तासभर. त्याच्या भाषेत काहीबाही बोलायचा. निघताना नाणं परत रुमालात. एकदा मी म्हटलं, डॉक, ठेवून का नाही जात, मी लक्ष ठेवीन. तर म्हणाला, वाढदिवसाचं आहे, तिला दाखवायला आणतो. पहिलं तेवढं तिच्या मुठीत दिलं, आता दरवर्षीचं घरी नेतो. तिची आई सांभाळते."

वाऱ्यामुळे मला नीट ऐकू आलं नसेल असं समजून ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "मदर कीप्स देम फॉर हर. असं म्हणायचा."

मी सांभाळत होते. धूळ पुसत होते. सवत म्हणत होते.

मी गुडघ्यावर बसले. ओटीतला रुपया बरोबर आणला होता, न घासलेला. पूजेसाठी सगळं घासलं, तोच एक राहिला होता, आईने दिला तसाच काळपट. टॅमनी खुरप्याने दगडापाशी चार बोटं माती उकरून दिली. तीत तो ठेवला. माती मीच लोटली. मग हात तिथेच ठेवून मोठ्याने म्हटलं, यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने, "सुटली. शपथ सुटली हो."

मंजिरीने विचारलं नाही कसली शपथ. ती वाकून दगडाला म्हणाली, "हाय, ताई."

२० नोव्हेंबर, शुक्रवार
साउथहॅम्प्टन

मिस्टर लॉरींचा फोन. थिसलचं नाणं मिळालंय म्हणाले, सोळाशे दोनचंच, काळंकुट्ट, बोट न लावलेलं. पहिल्या घरासाठी आणून देऊ का?

मी नको म्हटलं. ते घर रिकामं नाही.

तिकडून ते म्हणाले, "नाही. नाहीच आहे."

पेटी मेडनहेडला येणार. मंजिरी म्हणते, टीव्ही हलवीन पण तो पेटी खिडकीपाशी ठेवीन. आज मी तिला सुधारलं नाही.

दुपारी पुठ्ठ्याची एक गोल चिठ्ठी कापली, यांच्याच कात्रीने. माझं अक्षर यांच्याइतकं बारीक येत नाही, दोनदा कापावी लागली. शेवटच्या खणातल्या शेवटच्या घरात ठेवली. मागे पेन्सिलीने नंबर लिहिला. पुढे लिहिलं:

"पंचम जॉर्ज. रुपया, चांदी. १९१८. आईकडून. नोव्हें. ९२. दिलं."